स्की येते म्हणून स्नोबोर्ड येत नाही

डिसेंबर लागला की नाशिकच्या ट्रेकिंग ग्रुपांवर गुलमर्गचे बेत सुरू होतात आणि त्यांच्या मागोमाग एक मजकूर फिरू लागतो. शब्द दरवर्षी थोडे बदलतात, गाभा तोच: "स्कीइंगचा कोर्स केलाय ना? मग स्नोबोर्ड अर्ध्या दिवसात जमतो. दोन स्की जोडल्या की झाला बोर्ड. बूट तेच चालतात. सुरुवातीला एकदम सपाट जागा धरा, वेग वाढला की मागे बसा, पडलात तर हात टेका. मास्तरचे पैसे वाचवा आणि दुपारी गंडोलाने, म्हणजे रोपवेने, वर जा. ऑलिम्पिकमध्ये एकाच मुलीने दोन्हींत सुवर्ण घेतलंय, अवघड काय त्यात?"

यातली काही वाक्यं फक्त चुकीची आहेत, काही मात्र हाड मोडणारी. म्हणून क्रम मजकुराचा न ठेवता जे जास्त महागात पडतं ते आधी घेऊ.

"पडलात तर हात टेका." नेमकं हेच करायचं नाही. नवशिक्या स्नोबोर्डरच्या दुखापतींत मनगट सगळ्यांत पुढे असतं. स्कीइंग करणाऱ्याला काळजी गुडघ्याची आणि हातातल्या काठीमुळे, म्हणजे पोलमुळे मुरगळणाऱ्या अंगठ्याची. मनगटाचा तो विचारच करत नाही. स्कीवर तोल गेला तर एक पाय पुढे टाकून सावरता येतं, आणि जोराचा पीळ बसला तर स्कीचं बाइंडिंग, म्हणजे बूट धरून ठेवणारी पकड, बूट सोडून देतं. बोर्डवर दोन्ही पाय एकाच फळीला जखडलेले आणि बाइंडिंग सुटत नाही. सावरायला पाय उरत नाही म्हणून हात आपोआप पुढे जातो: कोपर ताठ, तळवा उघडा आणि अंगाचा सगळा भार मनगटावर.

पुढे पडत असाल तर मुठी मिटा, कोपरं वाकवा, आधी गुडघे आणि मग कोपरापासून मनगटापर्यंतचा हात एकदम टेकवा. मागे पडत असाल तर गुडघे वाकवून जमिनीच्या जितकं जवळ जाता येईल तितकं जा, हनुवटी छातीला लावा, हात छातीशी घ्या आणि बुडावरून पाठीवर गोल लोळा. हेल्मेट हवंच, त्यावर चर्चा नको. मनगटाचे गार्ड इथूनच न्या. रोलर स्केटिंगवाले वापरतात ते चालतात, फक्त खरेदीला जाताना बर्फातले हातमोजे सोबत घ्या आणि गार्डवरून चढतात का ते दुकानातच बघा. माकडहाडासाठी पॅड असलेली आतली चड्डी मिळाली तर पहिल्या दिवशी तिचे पैसे वसूल होतात.

आता "एकदम सपाट जागा धरा". हा सल्ला ऐकायला शहाणपणाचा वाटतो, म्हणूनच जास्त फसवतो. बोर्डला दोन लांब धारा असतात: टाचेकडची आणि चवड्याकडची. उतारावर आडवं उभं असताना भार नेहमी वरच्या अंगाच्या धारेवर हवा आणि खालच्या अंगाची धार बर्फापासून किंचित उचललेली हवी. खालची धार बर्फात रुतली की बोर्ड जागीच थांबतो, पण शरीर थांबत नाही. दरीकडे तोंड करून टाचेच्या धारेवर असाल तर पुढे, गुडघ्या-हातांवर फेकले जाता. डोंगराकडे तोंड करून चवड्याच्या धारेवर असाल तर उलटे, पाठीवर पडता आणि डोक्याचा मागचा भाग आपटतो. इंग्रजीत याला एज पकडणं म्हणतात. मराठीत "धार अडकली" म्हटलं की पुरे. यात सावध व्हायला क्षणही मिळत नाही.

सपाट जागेवर हे जास्त होतं, कारण तिथे बोर्ड कुठल्याच धारेवर नसतो. तळ पूर्ण टेकलेला, दोन्ही धारा बर्फाच्या अगदी जवळ, वेग कमी आणि शिकणारा निश्चिंत. म्हणून सपाट मैदान फक्त पहिल्या अर्ध्या तासापुरतं: पुढचा पाय बाइंडिंगमध्ये, मागचा मोकळा, आणि मोकळ्या पायाने ढकलत स्केटबोर्डसारखं सरकायचं. त्यानंतर असा उतार शोधा जिथे बोर्ड सोडला तर तो स्वतःहून घसरू लागेल, आणि खाली मोकळी सपाटी असेल, म्हणजे काहीच जमलं नाही तरी आपोआप थांबाल.

"वेग वाढला की मागे बसा" या वाक्याचं मूळ सह्याद्रीत असावं. घसाऱ्यावरून उतरताना आपण अंग मागे टाकतो, बूड जवळजवळ जमिनीला लावतो, आणि तिथे ते बरोबरच असतं. बर्फावर हीच सवय घात करते. स्कीइंगमध्येही मागे बसणं चूक आहे, पण तिथे ते एकवेळ निभतं, कारण स्नोप्लाउ करून, म्हणजे स्कीची पुढची टोकं जवळ आणून पाचर केली की वेग मारता येतो. बोर्डवर पाचर नाही. मागे बसलं की पुढचं टोक हलकं होतं, हलकं टोक वळत नाही, आणि न वळणारा बोर्ड सरळ खाली सुटतो. भीती जितकी जास्त तितका भार पुढच्या पायावर द्यायचा, हे मनाला पटवणं हाच पहिल्या दोन दिवसांचा अर्धा अभ्यास आहे.

"दोन स्की जोडल्या की झाला बोर्ड." गंमत अशी की इतिहासात हे खरंच घडलंय. १९६५ च्या नाताळात अमेरिकेत मिशिगनमधल्या शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या आणि त्यातून स्नर्फर हे खेळणं निघालं. पण त्यावर उभं राहायचं ते लाटेवरच्या फळीवर राहतात तसं, आडवं. खेळ तिथेच बदलला. स्कीवर नाक, गुडघे आणि बोटं प्रवासाच्या दिशेने असतात. बोर्डवर शरीर बाजूला आणि मान तेवढी पुढे.

आधी ठरवायचं की पुढे कुठला पाय. डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा असेल तर गूफी. स्कीइंगच्या अनुभवातून हे कळत नाही, कारण तिथे पुढचा पाय नसतोच. घरी मोजे घालून गुळगुळीत फरशीवर दोन पावलं धावा आणि घसरा. जो पाय आपसूक पुढे जातो तो बहुधा पुढचा. डावा हात वापरणारा गूफीच असेल असं नाही.

स्कीवाल्याला सगळ्यांत जास्त नडते ती छाती. चांगलं स्कीइंग शिकलेला माणूस वरचं अंग उताराच्या दिशेने ठेवतो आणि पाय खाली वळवतो. ते त्याच्या अंगात इतकं मुरलेलं असतं की बोर्डवरही तो छाती आणि कंबर बोर्डच्या पुढच्या टोकाकडे उघडतो. चवड्याच्या धारेवर असताना असं झालं की टाचा दबतात, टाचेची धार बर्फाला लागते आणि मग वर सांगितलेली पाठीवरची आपटी. उपाय साधा: एक हात बोर्डच्या पुढच्या टोकावर, दुसरा मागच्या टोकावर धरल्यासारखा ठेवा. खांदे बोर्डला समांतर, नजर जिथे जायचं तिथे. पायाकडे बघितलं की पायाशीच पडता.

वळणाची रीतही वेगळी. टाचेवरून चवड्यावर येताना आधी भार पुढच्या पायावर घ्या. बोर्डचं टोक आपोआप खाली वळू लागेल. क्षणभर बोर्ड सरळ उताराला लागतो, आणि नेमका तिथेच स्कीवाला घाबरून मागे बसतो. तसं न करता पुढच्या पायाचा चवडा दाबा, गुडघा बोटांच्या वर आणा. मागचा पाय अजून टाचेवरच असू द्या. बोर्ड किंचित पिळला जातो आणि नवी धार पुढून धरते. मग मागचा पाय त्याच वाटेने आणा आणि नडगी बुटाच्या जिभेवर टेकवा. मागचा पाय झाडूसारखा झटकून बोर्ड फिरवायचा मोह स्कीवाल्याला फार होतो, कारण स्की आडव्या टाकून थांबायची त्याला सवय असते. त्याने बोर्ड फिरतो खरा, पण कडक बर्फावर धार निसटते.

बुटांचा मुद्दा लगेच संपतो. स्कीचे बूट कडक प्लास्टिकचे, पुढे-मागे ओठ असलेले; पट्ट्यांच्या बाइंडिंगमध्ये ते नीट बसत नाहीत, आणि बोर्डवर घोटा वाकायला हवा, तो त्यांत वाकत नाही. कडक बूट वापरणारे बोर्डर आहेत, पण ते प्लेटच्या वेगळ्या बाइंडिंगवर शर्यत करणारे. मजकुरातली ऑलिम्पिकची मुलगी त्यांच्यातलीच. चेक प्रजासत्ताकाच्या एस्टर लेडेकाने २०१८ च्या प्योंगचांगमध्ये अल्पाइन स्कीइंगची सुपर-जी आणि स्नोबोर्डची पॅरलल जायंट स्लॅलम या दोन्ही शर्यतींत सुवर्ण घेतलं. पण एकाच हिवाळी ऑलिम्पिकमध्ये या दोन खेळांत सुवर्ण घेणारी ती पहिलीच, आणि लहानपणापासून दोन्ही खेळत आलेली. अर्ध्या दिवसात येणारी गोष्ट असती तर पहिली मिळायला २०१८ उजाडलं नसतं.

राहिले मास्तर आणि गंडोला. पैसे वाचवायचे असतील तर जेवणावर वाचवा. पहिल्या दिवशी दोन तास आणि दुसऱ्या दिवशी दोन तास शिकवणारा घ्या, आणि तो बोर्डच शिकवतो ना, हे आधी विचारा. उतारावरचे बरेच जण मुळात स्कीइंगचे असतात. गुलमर्गचं मैदान सुमारे २,६५० मीटरवर, गंडोलाचा पहिला टप्पा कोंगडोरीला ३,००० मीटरच्या थोडा वर, दुसरा अफरवटला ४,००० मीटरच्या जवळ. नाशिकहून, म्हणजे सहाशे-सातशे मीटरवरून आलेल्याला पहिल्या दिवशी धाप मैदानातच लागते. वर खोल, न दाबलेला बर्फ असतो आणि हिमस्खलनाचा धोका असतो. शिवाय मध्ये लांब सपाट पट्टे लागतात. तिथे स्कीवाला पोल मारत निघून जातो. बोर्डवाला अडकतो, एक पाय सोडवतो आणि मांडीपर्यंत बर्फात जातो.

म्हणून अर्ध्या दिवसाऐवजी तीन दिवस धरा. पहिला दिवस एक पाय मोकळा ठेवून सरकणं, मग टाचेच्या धारेवर आडवं घसरणं, मग तेच चवड्यावर, मग झाडावरून पान डोलत पडतं तसं डावीकडे-उजवीकडे, धार न बदलता. दुसऱ्या दिवशी एकेक वळण. दोन्ही बाजूंची वळणं जोडणं बहुतेकांना दुसऱ्या दिवशी दुपारी किंवा तिसऱ्या दिवशी जमतं. स्कीवाल्याला यात सूट मिळते ती डोक्याच्या कामात: बर्फ कडक आहे की भुसभुशीत, उताराची सरळ रेषा कुठली, पुढे जाणाऱ्याला आधी वाट द्यायची, वेगाने घाबरायचं नाही. हे शेवटचं मात्र दुधारी आहे. वेगाची भीती नसलेला आणि थांबता न येणारा माणूस उतारावर इतरांनाही नको असतो.

भाड्याचा बोर्ड घेताना तो उभा धरला तर हनुवटी ते नाक यांच्या मध्ये कुठेतरी यावा. वजन जास्त असेल तर नाकाकडे. बुटाचा नंबर १० च्या पुढे असेल तर रुंद बोर्ड मागा, नाहीतर बोटं बाहेर येऊन बर्फात घासतात. बूट घालून उभं राहिल्यावर बोटं टोकाला लागावीत, गुडघे वाकवले की किंचित मागे यावीत आणि टाच उचलली जाऊ नये. बाइंडिंगचे कोन आधीच्या गिऱ्हाइकाचे तसेच राहिलेले असतात. पुढचं १५ अंश, मागचं उलट बाजूला ६ ते ९ अंश लावून घ्या. प्रत्येक बाइंडिंगच्या चकतीतले चारही स्क्रू घट्ट आहेत का, हे स्वतः स्क्रूड्रायव्हरने बघा.

आणि निघायच्या आधीचे चार आठवडे फुकट घालवू नका. फरशीवर ५० ते ५५ सेंटिमीटर अंतराने दोन खुणा करा, पाय तसेच ठेवून गुडघे वाकवा, आणि भार टाचांवरून चवड्यांवर, चवड्यांवरून टाचांवर, आधी पुढचा पाय मग मागचा, असा वीस-वीस वेळा न्या. जमिनीवर गुडघे टेकून हातांच्या आधाराने उठण्याचा सराव करा; बोर्डवर चवड्याच्या बाजूने उठणं टाचेपेक्षा सोपं जातं. पांडवलेणीच्या पायऱ्या टाच न टेकवता चढा. चवड्याच्या धारेवर सगळ्यांत आधी बोंब मारतात त्या पोटऱ्या.