पाच लेखक, एक समई

पुस्तक छापून हातात आलं असेल तर अभिनंदन. पण अवघड भाग संपला असं वाटत असेल, तर तो गैरसमज आधी काढून टाका. लिहायचं काय, निवृत्त झाल्यावर कोणीही लिहितं. खरी कसोटी पुढेच आहे. ते पुस्तक मुंबईत, एखाद्या रविवारी संध्याकाळी, शंभर माणसांसमोर अशा बेताने प्रकाशित करायचं की त्या शंभरातल्या एकावरही ते वाचायची वेळ येऊ नये.

एकट्याने या भानगडीत पडू नका. हॉलचं भाडं, माइकवाला, शाली, वडे हे सगळं एका खिशाला झेपत नाही. शिवाय एकट्या लेखकाला माणसं जमवता जमवता वीस मिळतात आणि त्यातली निम्मी घरचीच निघतात. पाच लेखक एकत्र आले की सामुदायिक मुंजीसारखं छान होतं. मांडव एक, भटजी एक, आणि प्रत्येक बटूची खात्री की ही गर्दी आपल्याचसाठी लोटली आहे. निमंत्रणपत्रिकेवर 'प्रत्येक लेखक सात मिनिटांत आपल्या पुस्तकाची ओळख करून देईल' असं छापा. सात मिनिटं हा आकडा फक्त छापण्यासाठी असतो.

हॉल शक्यतो दादरला घ्या. मध्य आणि पश्चिम रेल्वे जिथे भेटतात तिथेच मराठी साहित्यही भेटतं, ही भूगोलाची कृपा आहे. मात्र वाचनालयाचा हॉल घेणार असाल, उदाहरणार्थ दादर सार्वजनिक वाचनालयाचा धुरू हॉल, तर एक पथ्य पाळा. भिंतीपलीकडे कपाटांत हजारो पुस्तकं मुकाट उभी असतात आणि त्यांतली बरीचशी कधीकाळी अशीच समई लावून प्रकाशित झालेली असतात. मनोगताआधी त्या बाजूला फिरकू नका. नरिमन पॉइंटचं चव्हाण सेंटर घेतलंत तर मंत्रालय जवळ पडतं. त्यामुळे मंत्री येण्याची शक्यता वाढते, म्हणजे त्यांचा शुभेच्छा संदेश येतो आणि तो वाचून दाखवण्यात चार मिनिटं सुखाने जातात.

गिरगावात मुंबई मराठी साहित्य संघाकडे जाणार असाल (संघ 1935 सालचा, तेव्हा आवाज जरा बेताचा ठेवा), तर प्रेक्षक हळवे मिळतील. त्यांच्यातले कितीतरी याच गल्ल्यांतल्या चाळी सोडून विरारला, डोंबिवलीला गेलेले असतात. ते तासभर आधी येतात, आपली चाळ होती तिथला टॉवर मान वर करून बघतात, कोपऱ्यावर पीयूष पितात आणि मग हॉलमध्ये येऊन बसतात. तुमच्या कादंबरीत काही का असेना, त्यांना गहिवरून येतं. हा गहिवर आयता आहे. घ्या.

वेळेचं म्हणाल तर पत्रिकेवर साडेपाच छापा, सव्वासहाला सुरू करा आणि उशिराचं खापर मेगाब्लॉकवर फोडा. ब्लॉक बहुधा दुपारीच संपलेला असतो, पण तेवढं कोणी तपासत नाही. पश्चिम रेल्वेवर त्याला जम्बो ब्लॉक म्हणतात, हे सूत्रसंचालिकेला आधी सांगून ठेवा. पार्लेकरांना मेगा म्हटलेलं आवडत नाही.

निमंत्रण सगळ्यांना पाठवा. सगळे 'नक्की येतो' म्हणतील आणि त्यातले थोडे येतील, ही आपली जुनी रीत आहे. 1885 साली ग्रंथकारांच्या सभेचं निमंत्रण जोतीराव फुल्यांना गेलं, तेव्हा त्यांनी येत नाही असं कारणांसकट, पत्र लिहून कळवलं होतं. ते पत्र आजही चर्चेत असतं. एवढा स्पष्टपणा आपल्यात राहिलेला नाही आणि ते बरंच आहे. पाच लेखकांच्या पाचशे परिचितांनी न येण्याची खरी कारणं लिहून पाठवली, तर त्यांचंच एक पुस्तक होईल आणि ते मात्र लोक वाचतील.

आता प्रमुख पाहुणे. यांना पुस्तक चार दिवस आधी कुरियरने पाठवायचं असतं. त्याहून लवकर पाठवलंत तर हरवतं आणि उशिरा पाठवलंत तर ते 'वाचायला वेळ मिळाला नाही' असं खरं बोलून जातात. पाहुणे मलपृष्ठ वाचतात, प्रस्तावनेचं पहिलं पान वाचतात आणि मधलं एक पान वाचतात. भाषणात 'या ठिकाणी लेखक एक फार सुंदर वाक्य लिहून जातो' असं म्हणून ज्या पानावर बोट ठेवतात ते हेच. तेव्हा मधल्या पानाची काळजी घ्या. छापखान्यातला माणूस तुम्हाला हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतो: एकाच कागदावर छापून घडी घातलेल्या सोळा पानांचा एक फर्मा असतो आणि पुस्तक दोऱ्याने शिवलेलं असेल तर ते फर्म्याच्या मध्यावर, जिथे दोरा दिसतो तिथे, आपोआप उघडतं. अगदी पहिल्या पानापासून आकडे मोजले असतील तर पान 72 किंवा 88. तुमच्याकडे जे काही चांगलं असेल ते तिथे ठेवा. उरलेल्या पानांवर मोकळेपणाने लिहा. परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पानं न शिवता नुसती चिकटवलेली असतील, तर हा उपाय चालत नाही. ते पुस्तक कुठेच उघडत नाही आणि जोर केला तर पान पाहुण्यांच्या हातात येतं.

दीपप्रज्वलनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाच वाती, पाच लेखक, वर पंखा. काडेपेटी कोणाकडेच नसते. मग कँटीनमधून लायटर येतो.

प्रकाशन म्हणजे रंगीत कागदात बांधलेलं पुस्तक सोडवणं. ते आतून काय निघणार याची उत्सुकता चेहऱ्यावर आणावी लागते, कारण सहा महिन्यांपासून ते ऑनलाइन विकायला आहे आणि पहिल्या रांगेतल्या काकूंनी ते मागेच परत पाठवलेलं आहे. मंचावर पाच लेखक, पाच पाहुणे, एक अध्यक्ष आणि कुठूनतरी आलेले दोघे असे तेरा जण पुस्तक छातीशी धरून उभे राहतात. कवीच्या हातात शेअर बाजाराचं पुस्तक येतं, प्रवासवर्णनकाराच्या हातात मधुमेहाचं. फोटोग्राफर 'कव्हर इकडे' म्हणून ओरडत असताना अदलाबदल करत बसू नका. दुसऱ्या दिवशी फेसबुकवर तोच फोटो जातो आणि लोक तुम्हालाच त्या पुस्तकाबद्दल दाद देतात. ती स्वीकारा. चाळून पाहिलेल्या पुस्तकाबद्दल दाद मिळणं तशीही दुर्मिळ गोष्ट आहे.

इथे कायद्याची एक बारीकशी अडचण आहे. 1954 सालचा एक केंद्रीय कायदा म्हणतो की पुस्तक प्रकाशित झाल्यापासून तीस दिवसांत प्रकाशकाने स्वखर्चाने त्याच्या प्रती ठरावीक ग्रंथालयांना पाठवायच्या. एक कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, एक आपल्याच मुंबईत टाउन हॉलमधल्या मध्यवर्ती ग्रंथालयाला, वगैरे. नाही पाठवली तर पन्नास रुपयांपर्यंत दंड, वर पुस्तकाची किंमत. आता हे तीस दिवस छापखान्यातून मोजायचे, ऑनलाइन विक्रीपासून मोजायचे की रंगीत कागद फाडल्यापासून, हा प्रश्न तुमच्या प्रकाशकाला विचारा. तो आधी तुमच्याकडे बघेल, मग हिशेब करेल की पन्नास रुपयांत आजकाल दोन वडेसुद्धा धड येत नाहीत. तुम्हीच छपाईचे पैसे भरले असतील, तर हा प्रश्न विचारू नका. उत्तर तुम्हालाच द्यावं लागेल.

यानंतर तुमची सात मिनिटं. इथे पुष्कळ लेखक घात करून घेतात, कारण ते पुस्तकाबद्दल बोलायला जातात. पुस्तकाबद्दल बोललात की कोणाला तरी ते कळण्याचा धोका असतो. सुरुवात 'मी काही वक्ता नाही' अशी करा आणि पुढची वीस मिनिटं ते सिद्ध करा. मग मराठीला 3 ऑक्टोबर 2024 रोजी मिळालेला अभिजात दर्जा आणा. तुमचं पुस्तक व्हॉट्सअॅपवरच्या विनोदांचं असलं तरी आणा, कारण त्याच्यावर टाळी हमखास आहे आणि तुमच्याआधीच्या चौघांनी ती घेतलेलीच आहे. मग वडील. वडिलांना वाचनाची आवड होती असं म्हणा. आई निरक्षर असेल तर फारच उत्तम. बीए असेल तर तेवढं वगळा. मग पत्नीकडे हात करून 'हिने सहन केलं' म्हणा. सभागृह हसतं, ती हसत नाही.

पुढचं ज्याच्या त्याच्या प्रकारावर आहे. कादंबरीकार असाल तर 'पात्रांनीच माझ्याकडून लिहून घेतलं' असं सांगा. मानधनाचा विषय कोणी काढणार नाही, त्यामुळे ते पात्रांना द्यावं लागेल ही भीती नको. कवी असाल तर पुस्तकाची ओळख करूनच देऊ नका, 'एकच कविता' म्हणून सुरू करा, मग 'एवढी छोटी एक', मग 'जाता जाता'. जाऊ नका. बँकेतून निवृत्त होऊन आत्मचरित्र लिहिलं असेल तर शाखेच्या क्रमाने जा: आधी सावंतवाडी, मग परळ, मग ती संगणक आल्याची हकिकत. मागच्या रांगेत तुमचे त्या त्या शाखेतले सहकारी बसलेले असतात आणि आपलं नाव येईपर्यंत ते उठत नाहीत. गर्दी टिकवण्याचा यापेक्षा खात्रीचा उपाय मी पाहिलेला नाही. प्रवासवर्णन असेल तर प्रोजेक्टर मागवा. त्याची वायर तुमच्या लॅपटॉपला बसत नाही, आणि ती बसवण्यात अख्खं युरोप निघून जातं. डॉक्टरांनी मात्र बोलूच नये, सरळ प्रश्न घ्यावेत. लोक पुस्तकाबद्दल नाही, गुडघ्याबद्दल विचारतात.

सूत्रसंचालिका नवव्या मिनिटाला चिठ्ठी पाठवते. ती उघडायची, वाचायची, कृतज्ञतेने हसायचं आणि खिशात ठेवायची. लोकांना वाटतं, मंत्र्यांचा फोन आला. शेवटी 'बाकी तुम्ही पुस्तकात वाचालच' हे वाक्य म्हणून बसा. या वाक्याने वाचण्याची जबाबदारी रीतसर दुसऱ्याकडे जाते.

अध्यक्ष सर्वांत शेवटी बोलतात. तोवर समोर उरलेले असतात ते लेखकांचे नातेवाईक, हॉलचा शिपाई आणि कर्जत फास्टला अजून वेळ असलेले दोघे. अध्यक्षांना याची सवय असते. ते आपलं भाषण रिकाम्या खुर्च्यांना उद्देशून, फार मनापासून करतात, आणि खरं सांगायचं तर त्या संध्याकाळचं ऐकण्याजोगं तेवढंच असतं. पण तेव्हाच मागून वड्यांचा वास येतो. अल्पोपाहाराचा उल्लेख पत्रिकेत 'कार्यक्रमानंतर' असाच करावा. एका उत्साही संयोजकाने तो मध्यंतरात ठेवला आणि उत्तरार्ध पाच लेखकांनी एकमेकांसमोर सादर केला.

विक्रीचं टेबल दाराशी ठेवा. 'फक्त आज, 25 टक्के सवलत' अशी पाटी लावा. लोक क्यूआर कोडचा फोटो काढून 'नेटवर्क नाही हो इथे, घरी गेल्यावर पाठवतो' म्हणतात आणि पुस्तक न घेता जातात. काही जण पुस्तक घेतात आणि घरी गेल्यावर पाठवतो म्हणतात. हल्ली मागणीनुसार छपाई होते, तेव्हा पन्नास प्रतींची पहिली आवृत्ती काढा, चाळीस प्रती 'अभिप्रायार्थ सस्नेह भेट' लिहून वाटा, दहा मेहुण्याला विकत घ्यायला लावा. आभारप्रदर्शनात 'पहिली आवृत्ती हॉलमध्येच संपली' हे खरं खरं जाहीर करता येतं. पाचही लेखकांनी हेच केलेलं असतं, त्यामुळे कोणी कोणाला हसत नाही.

एवढं सगळं नीट जुळवून आणलं, तरी एक संकट उरतंच. क्वचित एखाद्या कार्यक्रमाला पुस्तक खरोखर वाचलेला माणूस येतो. तो ओळखायला सोपा आहे. त्याच्या हातातल्या प्रतीत कागदाचे कपटे खोचलेले असतात आणि तो वडे घ्यायला उठत नाही. आभार संपता संपता तो हात वर करतो आणि शांतपणे विचारतो की पान 61 वर वारलेले अण्णा पान 140 वर चहा कसे पितात. पाहुणे तुमच्याकडे बघतात, तुम्ही प्रकाशकाकडे, प्रकाशक घड्याळाकडे. त्याच्याशी वाद घालू नका. अण्णा हे प्रतीक आहे वगैरेही म्हणू नका, त्याने पान 155 वर पेन्सिलीने त्याबद्दलही लिहून ठेवलेलं असतं. त्याचा हात हातात घ्या, त्याला मंचावर न्या, फोटोत मधे उभा करा, आणि पुढच्या पुस्तकाची प्रस्तावना तुम्हीच लिहायची अशी गळ घाला. तो लाजेल, नको म्हणेल, मग हो म्हणेल. दोन प्रकाशनांना पाहुणा म्हणून मलपृष्ठ वाचून बोलला की तिसऱ्याला तो कपटे आणत नाही. फक्त त्याला शाल लागते की पुस्तकच भेट दिलेलं चालतं, हे आधी विचारून ठेवा. शक्यतो शाल द्या.