मुदतपूर्व वसुली

सहकारी बँकेत ३१ वर्षे थकीत कर्जांची वसुली केल्यामुळे, कोणतीही गोष्ट मुदतीआधी झाली तर ती चांगलीच असते, अशी माझी ठाम समजूत होती. ती समजूत माझ्या डाव्या गालाने मोडून काढली.

भर दुपारी स्कूटरवरून थकबाकीदारांची दारे झिजवण्याचे फळ म्हणून माझ्या दोन्ही गालांवर वांग उमटले होते आणि त्याबद्दल घरात कोणाचीही तक्रार नव्हती. परंतु मुलीचे लग्न डिसेंबरात ठरले, साखरपुड्याची छायाचित्रे आली आणि वधूपित्याच्या तोंडावर मांडवाच्या झालरीची सावली पडली आहे, असे व्याह्यांनी हळहळत सांगितले. मांडवाला झालर नव्हती. दुसऱ्याच दिवशी सौभाग्यवतींनी त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे माझे नाव नोंदवले.

डॉक्टरांनी ३० टक्के ग्लायकोलिक आम्लाचा पील, म्हणजे आम्ल लावून त्वचेचा वरचा थर सोलून काढण्याचा उपचार, सुचवला. हे आम्ल मुळात उसात असते, हे ऐकून साखरपट्ट्यात वाढलेला माणूस या नात्याने मला त्याच्याविषयी आपुलकी वाटली. ती सुमारे २० सेकंद टिकली. आधी मुंग्या आल्या, मग त्या लाल मुंग्या झाल्या. माझ्या हातात एक चिमुकला पंखा देऊन, एक ते दहामध्ये जळजळ किती, असे विचारण्यात आले. मी पाच म्हणालो, कारण खरा आकडा वसुली अधिकाऱ्याने उच्चारावा असा नव्हता. अखेर खाण्याच्या सोड्याचे द्रावण लावून आम्ल शमवले, तेव्हा भज्यांखेरीजही सोड्याला जगात काम आहे, हे मला पटले.

"आता तीन आठवड्यांनी या. असे चार-सहा पील लागतील," डॉक्टर म्हणाल्या.

"आठवड्याला एक केला तर लवकर उरकेल," मी सवयीने तडजोड सुचवली.

त्यावर त्यांनी शांतपणे सांगितले की, त्वचेचा वरचा थर नवा व्हायला साधारण २८ दिवस लागतात, वय वाढते तशी ही मुदतही वाढते, आणि आपल्यासारख्या सावळ्या कातडीला घाईने चिडवले तर ती रागाने अधिक रंग तयार करते, म्हणजे डाग घालवायला जावे आणि गडद डाग घेऊन यावे. मग मी एकरकमी परतफेडीचा विषय काढला. फिनॉलचा खोल पील बहुधा आयुष्यात एकदाच करतात, त्या वेळी हृदयाच्या ठोक्यांवर यंत्राने नजर ठेवावी लागते आणि आपल्या वर्णाला तो मानवत नाही, असे कळल्यावर मी हप्ते मान्य केले.

तिसऱ्या दिवसापासून पापुद्रे सुटू लागले. शाखेतल्या शिपायाने, साहेब उन्हात झोपले होते का, अशी आस्थेने चौकशी केली. आईने मात्र, "तोंड म्हणजे काय बटाटा आहे, दर महिन्याला सोलायला?" असे विचारून मसुराची डाळ दुधात भिजत घातली. डॉक्टरांनी चेहरा घासायला सक्त मनाई केली असल्यामुळे त्या डाळीची रात्री आमटी झाली. (दुधाची आमटी कोणी खाऊ नये.)

पहिला पील निभावला. दुसऱ्यानंतरच्या पाचव्या दिवशी वसुली आढावा बैठकीत अध्यक्षांचे भाषण लांबले, आणि डाव्या गालावरचा एक पापुद्रा अर्धा सुटून अर्धा अडकून बसला होता. असा अर्धवट थकबाकीदार समोर असताना हात बांधून बसणे मला जन्मात जमलेले नाही. मी तो ओढून वसूल केला. आठवड्याभरात तिथे चिंचोक्याएवढा काळपट डाग उभा राहिला. तो पाहून डॉक्टरांनी तिसरा पील बेमुदत पुढे ढकलला आणि दर तीन तासांनी दोन बोटे भरून सनस्क्रीन लावण्याची शिक्षा दिली.

लग्नात रंगभूषाकार मुलीने तो डाग लेप देऊन असा बुजवला की, मंगलाष्टकांपर्यंत मलाही त्याचा विसर पडला. जेवणे आटोपल्यावर व्याह्यांनी मला मांडवाच्या कोपऱ्यात नेले. त्यांच्या कपाळावर वांग आहे, हे मी प्रथमच पाहिले.

"चेहरा छान उजळला आहे तुमचा. किती दिवसांनी करता हो ते?" त्यांनी आवाज खाली आणून विचारले.

"तीन आठवड्यांनी."

"आणि दर आठवड्याला केले तर?"

मी काही न बोलता खिशातला रुमाल काढला, डावा गाल खसखसून पुसला आणि त्यांच्यापुढे केला.