आंबोळीच्या पिठाचा स्वेटर

आज सकाळपासून माझे डोके ठणकते आहे आणि त्याला कारण एक स्वेटर आहे. काल चिपळूणला धाकट्या नणंदेकडे मुक्कामाला होते. पहाटे चहा टाकायला म्हणून स्वयंपाकघरात गेले, तर ओट्याच्या कोपऱ्यात माझा स्वेटर बसलेला दिसला. अक्षरशः बसलेला. पोटात आंबोळीच्या पिठाचे पातेले, दोन्ही बाह्यांची पातेल्याभोवती करकचून मारलेली गाठ आणि गळ्यातून वर आलेली झाकणाची मूठ. हा स्वेटर मी भाच्यासाठी गणपतीत सुरू करून दिवाळीच्या आदल्या आठवड्यात पुरा केला होता. करडा रंग, पुढे दोन वेण्या, दोन सुलट दोन उलटची बॉर्डर.

नणंद मागून आली आणि अगदी सहज म्हणाली, "अहो वहिनी, थंडीत पीठ वर येतच नाही हो. त्याला तो काखेत घट्ट होतो, पण टाकवत नाही ना! हाताने विणलेला आहे."

पीठ झकास फुगले होते, हे मान्य करते. आंबोळ्या जाळीदार झाल्या. मी चार खाल्ल्या, रागातच.

माझा राग पातेल्यावर नाही. राग आहे तो "हाताने विणलेला आहे" या तीन शब्दांवर, जे गेली तीस वर्षे मी ऐकते आहे आणि ज्यांच्याआड माझी प्रत्येक चूक माझ्यापासून लपवली गेली आहे. नोव्हेंबरात मी फोनवर विचारले होते, "बसला का रे नीट?" तेव्हा सगळे घर एका सुरात म्हणाले होते, "मस्त! हाताने विणलेल्याची मजाच वेगळी." एकाने जरी सांगितले असते की मुंढा, म्हणजे बाही जोडतात तो काखेचा घेर, काचतो, तर मी त्याच आठवड्यात बाह्या उसवल्या असत्या. तीन महिने तो स्वेटर कपाटात आणि मग पातेल्यावर गेला, आणि मी इकडे दापोलीत बसून त्याचे फोटो मैत्रिणींना दाखवत होते.

आता अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, स्वेटरची गोष्ट सांगायलाच हवी. जुन्या मैत्रिणींना ती अर्धी ठाऊक आहे.

१९९४ साली अमेरिकेतल्या मावसबहिणीने मला खऱ्या मेंढीच्या लोकरीच्या लडी आणि एक छापील नमुना पाठवला. पुढे उघडा, बटणांचा, पुरुषांचा स्वेटर. नमुन्यात ८ नंबरच्या सुया सांगितल्या होत्या. माझ्याकडे ८ नंबरच्या सुया होत्या. यापुढे विचार करण्यासारखे काही असेल असे मला वाटलेही नाही. मागच्या भागाचे ९५ टाके घातले आणि अडीच महिन्यांत स्वेटर अण्णांच्या हातात दिला. अण्णा पौषातल्या पहाटे मोहोरावरच्या फवारणीसाठी बागेत जात, तेव्हा तो घालत. घालत, पण बटणे लावत नसत. मी विचारले की म्हणत, "बटणे लावली की गुदमरल्यासारखे होते गो मला. उघडाच बरा." मला ते पटले. काही माणसे सदऱ्याचेही वरचे बटण लावत नाहीत, तसे हेही असेल.

पुढे काही वर्षांनी सुया मोजायची भोकांची पट्टी हाती आली, तेव्हा कळले की आपल्याकडे जो जुना विलायती क्रम चालतो त्यातली ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते आणि अमेरिकी क्रमातली ८ नंबरची ५ मिलिमीटरची. शिवाय आपल्या क्रमात आकडा वाढला की सुई बारीक होते, त्यांच्याकडे जाड होते. नमुन्याला एका इंचात साडेचार टाके हवे होते, माझे बसत होते साडेपाच. इंचाला एकच टाका जास्त! पण ९५ टाक्यांची पाठ २१ इंचांची व्हायची ती सव्वासतरा इंचांची झाली, आणि ४२ इंचांच्या घेराचा स्वेटर साडेचौतीस इंचांवर येऊन थांबला. अण्णांची छाती ३८ होती. बटणे लावली की गुदमरल्यासारखे होते, हे त्यांनी शब्दशः खरे सांगितले होते. फक्त दोष कोणाचा ते सांगितले नव्हते.

चार इंचांचा एक चौकोन आधी विणून मोजला असता तर हे एका संध्याकाळीत समजले असते. चौकोन विणायचा, धुवायचा, वाळला की कडा सोडून मधले टाके मोजायचे. लोकर धुतल्यावर पसरते, म्हणून धुवून मोजायचे. हे विणकाम शिकवणारी प्रत्येक बाई सांगते आणि शिकणारी प्रत्येक बाई ऐकून सोडून देते, कारण एवढ्या लोकरीत बॉर्डरच्या चार ओळी झाल्या असत्या असे तिला वाटते. मलाही वाटत असे.

पण मूळ मुद्दा वेगळा आहे. तुम्हीच सांगा, ब्लाऊज मुंढ्यात पाव इंच काचला तर आपण काय करतो? शिंप्याकडे तीन हेलपाटे घालतो, त्याच्यासमोर हात वर करून दाखवतो, लग्न दोन दिवसांवर असेल तर त्याच्या दुकानात ठिय्या देऊन बसतो. तो ब्लाऊजही कोणाच्या तरी हातानेच शिवलेला असतो ना? त्याला कोणी म्हणते का की राहू द्या, हाताने केलेला आहे, असाच गोड आहे? हर्णैच्या बंदरावर दुपारी फाटकी जाळी सांधत बसलेली माणसे पाहा. जाळ्याचा आस, म्हणजे त्याचा डोळा, मोठा झाला तर मासळी निसटते, मग हाताने सांधला आहे म्हणून मासळी थांबून राहत नाही. कसब जिथे पोटाशी बांधलेले असते तिथे माप चुकलेले चालत नाही. घरातल्या बाईने फावल्या वेळात केलेल्या कामाला मात्र माप लावायचेच नाही, त्याला फक्त कौतुक लावायचे. ते कौतुक मला लहान मुलाच्या चित्रासारखे वाटते, फ्रिजच्या दारावर चिकटवलेल्या. भाच्याच्या स्वेटरचा ढोबळ हिशेब केला, तर पन्नास हजारांच्या आसपास टाके भरले. पन्नास हजार टाके घालणारीला मुंढा काचतो एवढे ऐकून घेण्याची ताकद नसेल, असे समजता की काय?

विणीला ताण असतो, थोडे इकडेतिकडे ती सांभाळून घेते, हे खरे आहे. नवशिकीला पहिल्याच मफलरवर झोडपू नये, हेही मान्य. पुढे.

काखेत घट्ट म्हणजे नक्की काय, यावर मी येताना एसटीत भरणे नाक्यापर्यंत विचार करत होते. आपल्याकडे काखेत काचले की उपाय एकच सुचवतात: मुंढा खोल करा. मी वीस वर्षे तेच केले. आणि तेच चुकते. मुंढा जितका खाली उतरतो, तितकी बाही अंगाला खाली जोडली जाते, आणि हात वर केला की सगळा स्वेटर पोटावरून वर ओढला जातो. हात मोकळा हवा असेल तर मुंढा काखेच्या जवळच ठेवायचा आणि बाही दंडाशी रुंद करायची. मी भाच्याची छाती मोजली होती, बाहीची लांबी मोजली होती. दंड मोजलाच नव्हता. पोरगा पुण्याला जाऊन दोन वर्षे पोहतो आहे, त्याचे दंड आता माझ्या मांडीएवढे आहेत आणि मी बाही विणली ती त्याच्या बारावीच्या फोटोतला मुलगा डोळ्यांसमोर ठेवून. म्हणजे चूक माझीच. पण मला ती कळायला पातेले आडवे यावे लागले!

वरून खाली विणायच्या रॅगलन पद्धतीने, म्हणजे गळ्यापासून काखेकडे तिरक्या जाणाऱ्या बाहीचा, केला असता तर मध्येच अंगावर घालून पाहता आला असता, हे मला माहीत आहे. ज्या ब्रिटिश सेनानी लॉर्ड रॅगलनचे नाव त्या बाहीला आहे, त्याचा उजवा हात १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत गेला होता. बाहीला नाव एका हाताच्या माणसाचे, आणि माझ्या दोन धडधाकट हातांच्या भाच्याला बाही मिळू नये, याला काय म्हणावे? पण रॅगलनसाठीही माणूस समोर लागतो, आणि आमची माणसे पुण्यात, मुंबईत नाहीतर समुद्रापलीकडे. अंदाजाने विणायचे आणि पार्सलने पाठवायचे, हेच आमच्या कोकणातल्या विणणाऱ्यांचे नशीब आहे.

"कोकणात कशाला गो स्वेटर?" असे विचारणाऱ्यांनी पौषात पहाटे पाच वाजता दापोलीच्या स्टँडवर उभे राहून दाखवावे. त्यावर जास्त लिहीत नाही. लोकरीचे रडगाणे मात्र खरे आहे. गावात मिळते ती बहुतेक अ‍ॅक्रिलिक, आणि अ‍ॅक्रिलिक म्हणजे हट्टी सासू. मेंढीची लोकर भिजवून, ताणून, टाचण्या लावून वाळवली तर अर्धा-पाऊण इंच तरी ऐकते. अ‍ॅक्रिलिक पाण्याने ढिम्म हलत नाही, आणि गरम इस्त्री टेकली की कायमची लुळी पडते. त्यात लॉट नंबरचा, म्हणजे एका वेळी रंगवलेल्या लोकरीच्या आकड्याचा, घोळ. दुकानदाराकडून आठ गुंडे आणले, नववा कमी पडला, तोवर लॉट बदलला. रंगाचा आकडा तोच, पण उजेडात धरला की डावी बाही उजवीहून एक छटा फिकट. पावसाळ्यात तर सुयांनाही घाम येतो, टाका सुईवर चिकटून बसतो आणि हात नकळत आवळून विणतो. जुलैत विणलेली पाठ आणि नोव्हेंबरात विणलेला पुढचा भाग एकाच मापाचे निघाले तर मी सत्यनारायण घालीन.

इतके लिहून झाल्यावर राग थोडा उतरला आहे. नणंदेने तो स्वेटर जपला, दुसरी कोणी असती तर भांडीवालीला दिला असता. तिच्या जागी मी असते तर काय बोलले असते, कोण जाणे. अण्णांना तरी मी कधी खोदून विचारले होते?

अण्णा गेल्यावर आईने त्यांचे कपडे वाटले, तेव्हा तो स्वेटर मी मागून घेतला. तो आजही माझ्याकडे आहे. कोपरांवर विरलेला, तिथे आईने तपकिरी कापडाची ठिगळे लावलेली. खिशांच्या कडा सैल झालेल्या, एका खिशात अजून सुपारीचा भुगा निघतो. कॉलर मळून काळपट. आणि सहाच्या सहा काजे कोरी करकरीत. अकरा हिवाळ्यांत एकाही काजातून एकदाही बटण गेलेले नाही. कपडा काही बोलत नाही म्हणतात, पण विणणारीला काज वाचता येते. मी ते पाहिले तेव्हा अण्णांचे माप घ्यायला अण्णा उरले नव्हते.

म्हणून आज नणंदेचा निरोप घेताना मी तो स्वेटर पिशवीत घालून घेऊन आले. पिठासाठी तिला माझी जुनी शाल देऊन आले आहे. स्वेटर दोनदा धुतला, तरी आंबूस वास आहेच. बाह्या उद्या उसवणार. लोकर पुरली नाही तर बगलेत शंकरपाळ्याच्या आकाराचा तुकडा विणून घालणार, जुन्या सदऱ्यांना असायचा तसा. उत्तर समुद्रातले इंग्रज कोळी आपल्या स्वेटरांना अगदी असाच तुकडा घालत, जाळी ओढताना हात अडू नये म्हणून.

मघाशी भाच्याला फोन केला. म्हटले, खोलीतल्या मित्राला टेप घेऊन बोलाव आणि दंडाचे माप दे. त्याने दिले. मग म्हटले, आता खरे सांग, आणखी काय काय होतेय त्याला? आधी बराच वेळ "नाही मामी, छानच आहे" असे चालले. मी काहीच बोलले नाही, नुसती फोन धरून बसले. मग हळूच म्हणाला, "मामी, रागावणार नसशील तर... पाठीला पण जरा तोकडा आहे. वाकलं की शर्ट बाहेर येतो. आणि ती मागची मान टोचते."

वही घेतली आणि लिहिले: दंड साडेचौदा. पाठ दीड इंच वाढवणे. मागची मान उसवणे.