वाघळं, लिची आणि बंड्याचा डोडो

बंड्या मॉरिशसहून आल्यापासून कट्ट्यावर दुसरा विषयच नाही. पाच रात्री सहा दिवसांचं पॅकेज, पण बोलणं असं की जणू पाच पिढ्या तिकडेच गेल्या. येताना सगळ्यांना डोडोचा, म्हणजे तिकडच्या कधीच नामशेष झालेल्या पक्ष्याचा, एकेक फ्रिज मॅग्नेट घेऊन आला. सद्याने त्याचा रिक्षाच्या मीटरवर चिकटवला, आता प्रत्येक पॅसेंजर विचारतो हे बदक कसलं, आणि सद्या सांगतो, "बदक नाय, मेलेला पाहुणा आहे."

तर परवा संध्याकाळी मी पोचलो तेव्हा बंड्याचं ऑलरेडी सुरू झालेलं. मोबाइलमध्ये फोटो. बंड्या आणि कासव, बंड्या आणि सातरंगी माती, बंड्या आणि गंगा तलावाचा शंकर, आणि एका फोटोत नुसतंच माकड, कारण त्या माकडाने वहिनींच्या हातातली केळी पळवली तेव्हा बंड्याचा हात हलला.

"निसर्ग जपावा तर त्यांनी," बंड्या म्हणाला. "आपल्या लोकांना अक्कल नाही. तिकडे एक ससाणा आहे, 1974 ला फक्त चार उरलेले, चार! आज शेकड्यांनी आहेत. सगळं सरकारने केलंय, सिस्टिम आहे सिस्टिम."

वैशू तोवर शांतपणे खारी चहात बुडवत होती. ती ज्युनिअर कॉलेजात बॉटनी शिकवते आणि आमच्या दहावीच्या बॅचमधली ती एकटीच जी बोलण्याआधी वाचते, त्यामुळे बंड्याचं आणि तिचं शाळेपासून जमत नाही.

"सरकारने नाही रे," ती म्हणाली. "कार्ल जोन्स नावाचा वेल्सचा पोरगा 1979 ला गेला तिकडे, आणि त्याला पाठवला होता तो प्रोजेक्ट गुंडाळायला. तो बंद करायचा सोडून तिथेच राहिला. घरट्यातली अंडी काढून उबवली, मग मादी परत अंडी घालते, ती तिची तिला वाढवू द्यायची, आणि रानातल्या पक्ष्यांना वर उंदीर खायला घालायचे. तेव्हाच्या मोठ्या मोठ्या लोकांनी सांगितलेलं की हा पक्षी गेला समजा, पैसे वाया घालवू नका."

"तेच ते. मी तेच म्हणतोय."

"तू सिस्टिम म्हणालास."

सद्या हसला. बंड्याने पुढचा फोटो काढला.

इथपर्यंत ठीक होतं. घोटाळा झाला बापूमुळे. बापूची हापूसची कलमं, ती पण वडिलोपार्जित म्हणजे अवाढव्य, आणि यंदा मोहोर दोनदा गळला, त्यात माकडं, त्यामुळे माणूस गेले दोन महिने तापलेलाच आहे. तो म्हणाला, "बाकी जाऊ दे. मला ते वाघळांचं सांग. तिकडे सरकारने गोळ्या घालून मारलीन ना वाघळं? लिची खातात म्हणून? मला तो देश आवडला."

बंड्याला हे पॅकेजमध्ये सांगितलं नव्हतं. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं. "छे, फेक न्यूज असेल. आमच्या गाइडने असं काहीच..."

"फेक कशाला, 2015 ची गोष्ट आहे," वैशू म्हणाली. "कायदा बदलला आणि एका हंगामात 30 हजारांहून जास्त मारली. 2016 ला परत. नंतरही झालं, 2018 ला, 2020 ला. आणि शेजारच्या रियुनियन बेटावरची मोजकी सोडली तर ही वाघळं जगात दुसरीकडे नाहीत. वर्षाला एकच पिल्लू होतं मादीला, उंदरासारखी दहा-बारा नाही. 2018 मध्ये धोक्यातल्या यादीत एक पायरी वर गेली ती."

"मग लिची वाढली असेल ना?"

"नाही वाढली. तिथल्याच अभ्यासकांनी हिशोब मांडलाय, मारल्यामुळे बागायतदारांचा फायदा वाढला असं दिसलंच नाही."

बापूला हे पटलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा पटलं नव्हतं, कारण फळ खाणारा कमी झाला तर फळ वाढणार हे शेंबडं पोरही सांगेल. वैशूचं म्हणणं असं की झाडावरचं फळ एकटं वाघूळ खात नाही, साळुंक्या आहेत, बुलबुल आहेत, उंदीर आहेत, वारा आहे, आणि मालक वेळेवर काढत नाही म्हणून पिकून पडतं ते वेगळंच, पण सकाळी झाडाखाली चावलेलं फळ दिसलं की सगळं बिल वाघळाच्या नावावर.

"जाळी लाव की," ती म्हणाली. "तिकडे सरकार जाळीला पैसे देतं, बुटकी ठेवलेली झाडं झाकून घेतात लोक."

इथे बापू उठून उभा राहिला. बापू उभा राहिला की आम्ही सगळे आपापले ग्लास उचलून घेतो.

"जाळी! चाळीस फुटी कलमाला जाळी! तू ये, मी शिडी धरतो, तू लाव. अगो तुझा पगार एक तारखेला बँकेत पडतो. माझा पगार वर लटकतो, आणि त्याच्यावर रात्री ते लटकतं. दोन गुरखे ठेवलेत, त्यांचं खाणंपिणं, फटाके, डबे वाजवायचे, पहाटे पहाटे माकडांची अख्खी टोळी आली की एक आंबा खातील आणि वीस चावून टाकतील. ते वाचवणारे मुंबईत बसतात. कोणी एक पेटी भरून दिलीन का?"

टपरीवाल्याने पण मान डोलावली, त्याचाही बाग आहे म्हणा, पाच कलमांचा. आणि वैशूनेही, हे सांगायला पाहिजे, लगेच उलटं उत्तर दिलं नाही. म्हणाली, "तिकडेही हेच आहे. मोठे बागायतदार झाकून घेतात, परसातल्या जुन्या उंच लिचीवाल्याचं कोण झाकणार, आणि ओरडा तोच करतो. नोव्हेंबर-डिसेंबरात दोन पैसे मिळणार तर झाड रिकामं. तुझं दुःख खोटं नाही बापू. त्यावर बंदुकीचं औषध सांगतात ते खोटं आहे."

बंड्याला आता जरा जागा मिळाली. बंड्याची सवय अशी की ज्या बाजूला माणसं जास्त त्या बाजूला तो सरकतो, कॉलेजात युनियनच्या इलेक्शनला एकाच दिवशी दोन पॅनलचे बिल्ले लावून फिरलेला माणूस आहे हा, एक शर्टावर एक शर्टाच्या आत. तो म्हणाला, "बरोबर आहे बापूचं. प्रॅक्टिकल विचार करायला पाहिजे. माणूस महत्त्वाचा. आम्ही मॉरिशसला असताना..."

"तू मॉरिशसला नव्हतास, तू हॉटेलात होतास," सद्या म्हणाला.

"ऐक रे. तिकडे माकडांचं पण सोडवलंय त्यांनी. पकडतात आणि एक्सपोर्ट करतात."

बापू खाली बसला. "काय करतात?"

ही गोष्ट बंड्याला गाइडने सांगितली होती आणि आश्चर्य म्हणजे खरी होती. मॉरिशसची लांब शेपटीची माकडं परदेशातल्या प्रयोगशाळांना विकली जातात, औषधांच्या चाचण्यांसाठी, हजारोंनी, डॉलरमध्ये. बापूच्या चेहऱ्यावर जे भाव आले ते मी त्याच्या लग्नात पण बघितले नव्हते.

"डॉलरमध्ये," तो हळूच म्हणाला. "आणि मी इकडे फटाके विकत आणून फुकट पळवतोय."

"ती तिकडची नाहीतच मुळात," वैशू म्हणाली. "चारशे वर्षांपूर्वी जहाजातून आली. गुलाबी कबुतराची अंडी खातात. 1990 च्या सुमाराला ते कबूतर रानात दहाच्या आसपास उरलं होतं, आता पाचेकशे आहे. आणि गंमत ऐक, प्रत्येक माकड बाहेर विकलं की त्यावर काही पैसे सरकारच्या संवर्धनाच्या खात्यात जातात."

"म्हणजे माकड विकून कबूतर पाळतात," सद्या म्हणाला.

"तसंच."

"आणि लॅबमध्ये त्या माकडाचं काय होतं ते विचारायचं नाही," ती पुढे म्हणाली, आणि क्षणभर कोणी बोललं नाही, मग एक एसटी वळली आणि धुरात तो विषय गेला.

बंड्याला पण अभिमानाचा मुद्दा हवाच होता. म्हणाला, तिकडे आपलं कल्चर आहे, गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते, कोकणातनंच गेलेली माणसं, ब्लॅक रिव्हरच्या बाजूला कास्कावेल नावाचं गाव आहे तिथे मराठी वस्ती, ड्रायव्हरने दुरून दाखवलं. "आपण तिकडे खूप काही दिलंय."

"दिलंय तर," वैशू म्हणाली. "साळुंकी इथूनच गेली, टोळ खायला म्हणून फ्रेंचांनी नेली, सतराशे साठच्या सुमाराला. मुंगूस 1900 ला नेलं, उंदीर मारायला. आपला साधा कंठवाला पोपट नेला, तो आता तिकडच्या पोपटाच्या ढोलीत घुसतो, आणि त्यांचा तो पोपट एकदा दहा-बारावर आलेला. आपण पाठवलेलं सगळं तिकडे जाऊन उपद्रवी ठरलं."

"मराठी माणूस सोडून," मी म्हणालो, काहीतरी बोलायचं म्हणून.

"तो गेला म्हणून सुधारला," बापू म्हणाला. "राहिला तो इथे कट्ट्यावर बसतो."

मग उगाच ते जहाजाचं निघालं, 2020 ला मॉरिशसच्या किनाऱ्याजवळ रुतलेलं, वाकाशिओ. बंड्याने त्या किनाऱ्यावर पण फोटो काढलाय, अंगठा वर करून. हजारेक टन तेल सांडलं त्या निळ्या पाण्यात, समोरच इल ओ एग्रेत, ते कासवांचं बेट, आणि लोकांनी काय केलं तर उसाचं पाचट गोणत्यांत भरून त्याचे लांबच लांब लोड शिवले आणि समुद्रात टाकले तेल अडवायला. बापूला हे फार आवडलं, पाचट कामाला आलं हे. कॅप्टन भारतीय होता आणि जहाज म्हणे मोबाइलच्या रेंजसाठी किनाऱ्याजवळ घेतलेलं, यावर सद्या म्हणाला की मग तो नक्की बीएसएनएलवाला असणार, आणि पुढची पाच मिनिटं कोणाच्या घरात कुठल्या खिडकीत रेंज येते यात गेली.

वैशूने मात्र धागा सोडला नव्हता. ती अशीच आहे, शाळेत पण बेल झाल्यावर गणित पूर्ण करायची.

"बंड्या, त्या कासवाबरोबर फोटो काढलास ना. ते कासव मॉरिशसचं नाही माहितीये? तिथली संपवली माणसांनी. ही सेशेल्सच्या अल्दाब्राहून आणून 2000 साली त्या एग्रेत बेटावर सोडली. का, तर तिथली जुनी काळ्या लाकडाची झाडं, एबनी, त्यांचं फळ गिळून बी लांब टाकणारं कोणी उरलं नव्हतं. म्हणजे बी पेरायला बाहेरून कासवं आणायची, पैसे खर्च करून. आणि जे वाघूळ अख्ख्या मुख्य बेटावर रोज रात्री फुकट बी पेरतं त्याला गोळी. चांगलं म्हणावं असं मूळचं रान तिथे दोन टक्केसुद्धा उरलेलं नाही. 2016 मध्ये त्या जोन्सला प्राण्यांसाठी काम करणाऱ्याला देतात ते मोठं इंडियानापोलिस प्राइज मिळालं, त्याच वर्षी दुसऱ्यांदा वाघळं मारली. ससाणे वाचवले म्हणून टाळ्या घ्यायच्या आणि तो ससाणा ज्या रानात बसणार त्या रानाच्या माळ्याला मारायचं म्हणून मतं घ्यायची."

"पण आपल्याकडे तरी काय," मी म्हणालो, "2022 ला कायदा बदलेपर्यंत फळं खाणारी वाघळं उंदीर-कावळ्यांच्याच लायनीत होती, उपद्रवी म्हणून."

"योग्य लायन होती," बापू म्हणाला.

"योग्य?" वैशू त्याच्याकडे वळली. मला वाटतं ती याचीच वाट बघत होती. "बापू, तुमच्या वाडीच्या खालच्या अंगाला वड आहे, वाघळांचा. आहे ना अजून?"

"आहे."

"मे महिन्यात पहाटे तुझी आई परडी घेऊन तिथे जायची. मी आलेय एकदा तिच्याबरोबर. काय गोळा करायची?"

बापूने ग्लासात बघितलं. ग्लास रिकामा होता.

"काजूच्या बिया," तो म्हणाला.

"कोणी आणलेल्या?"

आमच्याकडचं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वाघूळ रात्री काजूचा बोंडू तोडून आपल्या झाडावर नेतं, रस पितं आणि बी खाली टाकतं, सकाळी वडाखाली सडा असतो. ना झाडावर चढायचं ना बोंडू पिळायचा, वर डोंगरातल्या कुठल्या कुठल्या झाडांच्या बिया आयत्या. फक्त डोक्यावर टॉवेल घ्यायचा, का ते सांगत नाही.

"त्या बियांवर तुझ्या वह्या आल्या, आठवतंय? काकी स्वतः सांगायची, माझ्या बापूची पुस्तकं वाघळांनी घेतलीन म्हणून."

सगळे गप्प. बापूचे डोळे जरा वेगळे दिसायला लागले, काकी जाऊन तीनच वर्षं झालीत. मला वाटलं आता हा उठून जाणार किंवा रडणार. सद्याने पण रिक्षाची किल्ली फिरवायची थांबवली.

"नुसत्या माझ्या वह्या नाय," बापू सावकाश म्हणाला. "ह्याची दहावीची फी पण त्यातनंच गेली. ह्याचा बाप मुंबईला होता तेव्हा, मनीऑर्डर आली नव्हती. आईने दिलेले पैसे. बंड्या, शिंच्या, परत केलेस का रे?"

बंड्याने डोडोकडे बघितलं.

"म्हणजे बंड्या पण वाघळांनी शिकवलेला!" सद्या ओरडला आणि मग जे हसणं सुटलं ते आवरेना, वैशूच्या नाकातनं चहा आला, टपरीवाला बाहेर येऊन बघून गेला. "तरीच म्हटलं उलटा का लटकतो सारखा, कधी ह्या फांदीला कधी त्या!"

बंड्या म्हणत राहिला की फी परत केलेली, पेटी दिलेली आंब्याची, त्यावर बापू म्हणाला की ती पेटी माझ्या सासुरवाडीला गेली आणि वरचा थर सोडला तर खाली सगळा कर्नाटकचा माल निघाला, माझा सासरा अजून मला टोमणे मारतो, आणि मग ते 2009 चं पेटी प्रकरण परत पहिल्यापासून सुरू झालं, जे मी इथे लिहीत नाही कारण दोन्ही बाजूंनी ते मी पन्नासदा लिहून देऊ शकतो.

अंधार पडल्यावर उठलो. बिल बंड्याने द्यायचं असं एकमताने ठरलं. त्याने खिसे चाचपले आणि दोन नाणी पुढे केली. टपरीवाल्याने दिव्याखाली धरून बघितली, उलटी करून बघितली.

"हे काय ओ?"

"मॉरिशसचे. रुपयाच म्हणतात तिकडे पण. रुपया तो रुपया."

टपरीवाल्याने नाणी परत त्याच्या हातात ठेवली आणि बापूकडे बघितलं. बापूने पाकीट काढलं.

"लिव," तो म्हणाला, "दहावीच्या फीत."

माकडं डॉलरमध्ये जातात हे मात्र त्याच्या डोक्यातनं गेलेलं नाही. काल रात्री अकराला मला मेसेज, एक्सपोर्टचं लायसन कुठे काढतात.