रस्सीखेच म्हणजे टाइमपास नाही!

सोसायटीच्या ग्रुपवर आज सकाळी २६ जानेवारीच्या स्पर्धांची यादी आली. चमचा-लिंबू आहे, संगीत खुर्ची आहे, रस्सीखेच गायब! विचारलं तर उत्तर आलं, "ताई, तो काय खेळ आहे? नुसती ताकद आणि धांगडधिंगा." तेव्हापासून डोकं फिरलंय.

अहो, १९०० ते १९२० पाच ऑलिंपिकमध्ये होता हा खेळ. १९०८ ला लंडनमध्ये तर तिन्ही पदकं पोलिसांनी नेली. सुवर्ण सिटी ऑफ लंडन पोलिसांना, रौप्य लिव्हरपूलला, कांस्य लंडनच्याच मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या 'के' डिव्हिजनला. गस्तीवरचे शिपाई, ऑलिंपिक पदकवाले!

माझे बाबाही पोलिसात. खात्याच्या स्पर्धांत त्यांची जागा कायम सगळ्यात मागची, दोर काखेतून पाठीवर घेऊन खांद्यावरून सोडलेला. सांगायचे, "हात नुसते धरायला गं, ओढायचं टाचांनी." आठ जणांच्या टाचा एका दमात रुतल्या पाहिजेत, एकाची लय चुकली की सगळे फरफटत पुढे. नुसती ताकद म्हणे!

टाचांचं महत्त्व अमेरिकन संघालाही कळलं होतं. १९०८ ला लिव्हरपूलच्या पोलिसांनी त्यांना ओढून नेल्यावर त्यांनी पोलिसांच्या जाडजूड बुटांवरच आक्षेप घेतला. तो फेटाळला तसे स्पर्धा सोडून गेले.

बरं, १९१२ ला स्टॉकहोममध्ये दोनच संघ उतरले, हे मान्य. दोर हाताला गुंडाळला तर बोटं जातात, हेही मान्य. मग गुंडाळू नका ना! शिकवा पोरांना.

ब्रिटनच्या संघातले हम्फ्रीज, मिल्स आणि शेफर्ड हे तिघं १९०८ ला सुवर्ण, १९१२ ला स्वीडनकडून हरून रौप्य आणि मध्ये अख्खं महायुद्ध होऊन गेल्यावर १९२० ला अँटवर्पला पुन्हा सुवर्ण घेऊन आले. बारा वर्षं! त्यानंतर ऑलिंपिकनं हा खेळच काढून टाकला. त्यांची नावं आज कुणाला ठाऊक आहेत? बाबांच्या संघातली तरी कुणाला?

स्पर्धेच्या रात्री बाबांचे तळहात इतके सोललेले असायचे की भाकरीचा तुकडा मोडता यायचा नाही. आई मोडून द्यायची. आणि ते खुशीत, कोणत्या क्षणी समोरचा संघ ढिला पडला ते सांगत बसायचे. तो माणूस काय टाइमपास करून आला होता?

दोर मी आणते, रेषा मी आखते. आठ-आठ जणांचे दोन संघ हवेत, बायकांचेही. नावं खाली लिहा.