कच्चं मडकं आणि नामदेवाची पायरी

परवा हरिपाठ आटोपल्यावर भाच्याने विचारलं, "मामा, ज्ञान झालं की मग टाळ कशाला वाजवायचे?" तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. रात्रभर तेच डोक्यात घोळत होतं, म्हणून लिहितोय.

तेरची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. गोरोबाकाका कुंभारांच्या घरी संतमेळा जमलेला. मुक्ताई विचारते, यातली मडकी कच्ची कोण, पक्की कोण? काका मडकी ठोकायचं थापटणं उचलतात आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत सुटतात. बाकीचे मुकाट सोसतात, नामदेव मात्र चिडतात. ठरलं, हे मडकं कच्चं!

लहानपणी मला हा अन्याय वाटायचा. पांडुरंग ज्याच्या हातचा नैवेद्य खातो, त्याचं काय मिळवायचं राहिलं? आता कळतं, 'माझा विठ्ठल' मधलं ते 'माझा' भाजायचं राहिलं होतं.

मग नामदेव गुरूच्या शोधात औंढ्या नागनाथाला गेले. विसोबा खेचर पिंडीवर पाय टाकून निजलेले. नामदेव संतापले. विसोबा म्हणाले, बाबा, जिथे देव नसेल तिथे ठेव उचलून. नामदेव पाय हलवतात, आणि ठेवतील तिथे पिंड. आपल्याकडे साक्षात्कार म्हणतात तो एवढाच, असं मी मानतो: पाय ठेवायला रिकामी जागा न उरणं.

आणि एवढं कळूनही नामदेवांनी कीर्तन सोडलं नाही. उलट वाढवलं. ज्ञानदेवांनी १२९६ मध्ये समाधी घेतली, त्यानंतर नामदेव पन्नासहून जास्त वर्षं नाचत-गात राहिले. पार पंजाबात घुमानपर्यंत गेले. गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. देव मिळवायचा म्हणून गाणारा माणूस मिळाल्यावर थांबेल. नामदेव थांबले नाहीत, कारण आता समोरच्या प्रत्येकात तोच ऐकत होता. भाच्या, टाळ त्यासाठी.

परंपरा सांगते, मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून चोखोबा गेले, तेव्हा त्यांच्या अस्थी नामदेवांनीच आणल्या. ज्याला पंढरपूरच्या देवळात पाऊल टाकू दिलं नाही, त्याची समाधी महाद्वारासमोर बांधली. स्वतःसाठी मागितली ती त्याच महाद्वाराची पायरी, येणाऱ्या-जाणाऱ्यांची पायधूळ लागावी म्हणून.

आजी मला पंढरपूरला न्यायची तेव्हा त्या पायरीवर पाय पडू नये म्हणून दंडाला धरून उचलायची. पण त्याआधी चोखोबांच्या समाधीवर डोकं टेकवायची. मग पायरीला हात लावून तो कपाळाला. विठ्ठल सगळ्यात शेवटी.