डिपोलरायझेशन म्हणजे बॅटरी उतरणं नव्हे
ते फॉरवर्ड फिरतंय ना, की डिपोलरायझेशन म्हणजे नर्व्हचा चार्ज संपून शून्य होतो, ते चुकीचं आहे. शांत असताना न्यूरॉनच्या, म्हणजे नर्व्हच्या पेशीच्या, आत बाहेरच्या तुलनेत साधारण -७० मिलिव्होल्ट असतात, सिग्नल आला की सोडियमचे चॅनल, म्हणजे पेशीच्या आवरणातली त्याची दारं, उघडतात, सोडियम आत घुसतो आणि व्होल्टेज शून्यावर न थांबता +३० च्या आसपास जातं, हेच डिपोलरायझेशन, म्हणजे नर्व्ह तेव्हा थकलेली नसते, उलट कामाला लागलेली असते! मग पोटॅशियम बाहेर पडतं की परत खाली, सगळं एक-दोन मिलिसेकंदात. प्रकाशाचं डिपोलरायझेशन वेगळंच, तिथे चार्जचा संबंधच नाही, एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश गढूळ द्रवातून वारंवार विखुरला की ती शिस्त मोडते. नाव सेम दिसलं म्हणून फॉरवर्डमध्ये कोणीतरी दोन्ही कालवलंय.